शंभर मोजेपर्यंत

कोपरखैरण्यात झाडं छाटणाऱ्या कुठल्याही माणसाची चेनसॉ मशीन हातात घेऊन बघा. ज्या लांब पट्टीवरून चेन फिरते, त्या पट्टीच्या बुडाशी एक लालसर डाग दिसेल. ऑइलनं काळपट झालेला, अर्धा पुसलेला. बघणाऱ्याला वाटतं, पूजेचं कुंकू असेल. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी चक्क हसलो होतो. पुढे याच कुंकवापायी माझ्या हातून जे झालं, ते झालं नसतं तर हे लिहायला मी बसलोच नसतो.

ते कुंकू जनार्दन म्हात्र्यांचं. तिथल्याच बोनकोडे गावात त्यांना जनार्दन म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. लहानमोठे सगळे जनाकाका म्हणायचे. काका गेल्या चैत्रात गेले. त्यांच्या वडिलांची भातशेती नवं शहर वसवताना गेली, आणि काका तरुणपणी दिवाळे गावात कोळ्यांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला शिकले. होड्यांवरून ते झाडं कापायच्या मशीनवर कसे आले, ते मी कधी विचारलं नाही. जुन्या घराच्या जागेवर चार मजली इमारत उभी राहिली होती. वर भाडेकरू, मधल्या मजल्यावर मुलगा नीलेश आणि त्याचं कुटुंब, आणि खाली रस्त्याला लागून काकांचा गाळा. एवढ्या इमारतीचा मालक दिवसभर बनियन आणि लुंगीवर पाटावर बसून कार्बोरेटर धूत असायचा. नीलेशला ते आवडायचं नाही. "लोक बोलतात, म्हाताऱ्याला कामाला लावलाय," असं तो म्हणायचा. काका म्हणायचे, "मंग लोकांना सांग, म्हातारा आयकत नाय."

माझी एमआयडीसीतली नोकरी सुटली तेव्हा मी सोसायट्यांच्या झाडांच्या छाटणीची कामं घ्यायला लागलो. एक जुनी लाल चेनसॉ घेतली, सेकंडहँड. मशीन चालू व्हायची, पण रेस दिली की घुसमटून बंद पडायची. तीन मेकॅनिककडे फिरलो. तिघांनी मशीन न उघडता एकच सांगितलं, कार्बोरेटर नवा टाका. आता त्या मॉडेलचा कार्बोरेटर बनायचा बंद होऊन जमाना झाला होता. शेवटी कोणीतरी बोनकोड्याचं नाव सांगितलं.

"काका, कार्बोरेटर बदलून द्या," मी गेल्या गेल्या म्हणालो.

"तुला कोनी सांगितला कार्बोरेटर गेला?"

"सगळेच सांगतात."

"सगल्यांनी उघरून बघितला?"

काकांनी एक स्टीलचं ताट पुढे ओढलं. जेवायचं, चांगलं काठाचं ताट. त्यांचं सगळं काम त्या ताटात चालायचं, कारण काठामुळे स्क्रू पळत नाहीत. मशीनचं झाकण काढलं, एअर फिल्टर बाजूला ठेवला, आणि काड्यापेटीएवढा तो कार्बोरेटर ताटात आला. चार स्क्रू, एक झाकण, आणि आतून निघाला एक काळा गोल पडदा, जुन्या आठ आण्यांपेक्षा थोडा मोठा. पेट्रोल किती आत घ्यायचं ते हा पडदा ठरवतो. काकांनी तो माझ्या कानाशी धरून बोटानं दाबला. कुरकुर आवाज आला.

"पापर झालाय त्याचा," काका म्हणाले. मग डब्यातून नवा पडदा काढला आणि तोही कानाशी धरला. काहीच आवाज नाही. "आवाज करतो तो परदा काम करीत नाय. मानसांचा पन तसाच हाय, नाय?"

माझ्या सततच्या बडबडीवरच तो टोला होता. मी हसलो, बडबड मात्र सोडली नाही.

त्यांनी पेट्रोलमध्ये एकेक भाग धुतला. आतली नखाएवढी जाळी सायकलच्या पंपानं फुंकली. पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं टोक भिंगाखाली धरून बघितलं. नवा पडदा बसवला, टाकीतली कडक झालेली नळी कापून नवी घातली. दीड तास गेला. मशीन चालू झाली आणि रेससुद्धा सुंदर घेतली. मी उचलायला हात पुढे केला, तर काकांनी हातावर चापटी मारली. खरोखरीची, लहान मुलाला मारतात तशी.

मग त्यांनी फळीवरून एक पितळी करंडा काढला. बोटाला थोडं ऑइल लावून कुंकवात बुडवलं, आणि एक ठिपका चेनच्या एका कडीवर दिला, दुसरा बरोबर त्याच्याखाली पट्टीवर. मशीन रेस न देता स्लोवर सोडली आणि डोळे ठिपक्यांवर लावून मोजायला लागले. "एक, दोन, तीन..."

"काका, पूजा चालू आहे का?" मी हसत विचारलं.

"पूजा नाय रं. माप हाय."

साधी गोष्ट होती, पण तोपर्यंत मला कोणी सांगितली नव्हती. स्लोवर इंजिन चाललं पाहिजे, चेन मात्र जागची हलता कामा नये. झाडावर चढलेला माणूस रेस सोडतो, तेव्हा चेन थांबली आहे याच भरवशावर तो हात बदलतो, दोर सरकवतो. कार्बोरेटर नीट लागलेला नसेल तर स्लोवरही चेन हळूहळू सरकते. डोळ्याला कळत नाही, पण हात सापडला की कळतं. म्हणून दोन ठिपके. शंभर मोजेपर्यंत ते एकमेकांसमोर राहिले तर मशीन पास.

सत्तरच्या पुढे गेल्यावर ठिपके अगदी केसभर सरकले. मला दिसलंही नसतं. काकांनी मशीन बंद केली, स्क्रू जरासा फिरवला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. असं तीनदा.

"शंभरच का?" मी वैतागून विचारलं. "साठला कळत नाही का?"

काकांनी उत्तर म्हणून लुंगी वर केली. डाव्या मांडीवर वीतभर लांब जुनी खूण होती. "मी साठ मोजलं व्हतं," ते म्हणाले. "मशीन गार हाय तवर शहानी. ताप आल्याशिवाय तिचा सभाव कलत नाय." ही खूण ते कोणालाही दाखवायचे, समोर सोसायटीची चेअरमन बाई असली तरी. हिराकाकी वरच्या खिडकीतून ओरडायच्या, "अवो, लुंगी खाली घ्या!"

कुंकू हिराकाकींचंच. आधी काका खडूनं खुणा करायचे, पण ऑइलवर खडू टिकत नाही, मोजता मोजता खूणच उडून जायची. एकदा ते असेच चिडून बसलेले असताना काकी चहा घेऊन खाली आल्या, बघितलं, वर गेल्या आणि आपला करंडा आणून ताटात ठेवला. "याला तेल लागला तं जास्त चिकटतो. रोज लावतंय, मना ठाव हाय." तेव्हापासून कुंकू. काकी गेल्या, सवाष्ण गेल्या, तेव्हा सुनेनं तो करंडा देवळात द्यायला काढला होता. काका जिने चढून वर गेले आणि तो खाली घेऊन आले. गाळ्यात त्यांच्या पाटाजवळ तो कायम असायचा, आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालायचं नाही.

काकांच्या हट्टाच्या गोष्टी सगळ्या गावाला पाठ होत्या. एका मोठ्या बागेचा सुपरवायझर मशीन न्यायला आला होता, आणि मोजणी ऐंशीपर्यंत आलेली असताना, "चालतंय ना काका, बास झालं," म्हणत त्यानं मशीन बंद केली, उचलली आणि रिक्षात बसला. काका अनवाणी रिक्षा स्टँडपर्यंत धावले. त्या वयात! रिक्षात त्याच्या शेजारी जाऊन बसले, मशीन मांडीवर घेतली, तिथेच चालू केली आणि एकपासून सुरू. धूर, आवाज, गर्दी. रिक्षावाला बोंबलायला लागला तर त्याला म्हणाले, "बोंबलू नको, मोज." आणि तो बिचारा मोजायला लागला. ही गोष्ट सांगताना मी नेहमी हसायचो. आता सांगताना मधेच थांबतो.

त्यांचं अजून एक वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. पावसाळ्याआधीची कामं संपली की मशीन दोन महिने पडून राहते, आणि टाकीत राहिलेलं पेट्रोल आटून कार्बोरेटरमध्ये गोंद होतो. काका प्रत्येकाला बजावायचे, "मानसाला उपाशी निजवू नये, मशीनला भरल्या पोटी निजवू नये." तरी आम्ही विसरायचोच. मग श्रावणात गाळ्यासमोर मशीनींची रांग लागायची आणि काका एकेकाला शिव्या घालत धुवायला बसायचे. त्यांच्या शिव्यासुद्धा गोड वाटायच्या.

माझ्याकडे झाडावर चढणारा माणूस होता एकनाथ. माणगावकडचा, चाळिशीचा, अंगानं बारीक, बोलायला कमी. फांदीवर तो असा उभा राहायचा की खालून बघणाऱ्याला वाटावं, गॅलरीत उभा आहे. त्याचा एकच नियम होता. मशीनवर काकांचं ताजं कुंकू दिसल्याशिवाय तो झाडावर चढत नसे. त्याचंच काय, पाहता पाहता सगळ्याच कटर लोकांचं तसं झालं. दोन ठिपके म्हणजे काय, शंभर म्हणजे काय, हे किती जणांना माहीत होतं देव जाणे. कुंकू आहे ना? मग चढ.

हळूहळू काकांचे कान जायला लागले. पूर्वी ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावून लाकडी मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटून ऐकायचे, डॉक्टरसारखे. मग मूठ एका कानावरून दुसऱ्या कानावर जायला लागली. मग एक दिवस मी बघितलं, स्क्रू ड्रायव्हर भिंतीवर लटकला होता आणि काका मशीनच्या अंगावर तळहात ठेवून बसले होते. गावात कुजबुज सुरू झाली होती. नीलेश उघडच म्हणायचा, "बाबांना आता फोनची रिंग पण ऐकू येत नाही, मशीन काय ऐकणार?" पण ठिपके तर डोळ्यांनी बघायचे असतात, आणि काकांचे डोळे शाबूत होते.

आता माझ्यावर येतो. किती टाळणार?

गणपतीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. एका सोसायटीच्या गेटवर सोनमोहराची मोठी फांदी मोडून लटकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गेटातून गणपती आत यायचा होता. सेक्रेटरीचे सकाळपासून सात फोन. आणि नेमकी माझी लाल मशीन सुरूच होईना. दोन महिने भरल्या पोटी निजवली होती ना मी! बोनकोड्याला गेलो तर गाळ्याला कुलूप. काका मुलीकडे उरणला गेले होते, ओवसा म्हणजे गौरीचं वाण घेऊन. मी फोन केला, घसा फोडून सगळं सांगितलं. पलीकडून काका त्याहून मोठ्यानं ओरडले, "थांब! मी दुपारी येतंय! थांब!"

मी थांबलो नाही. बाजारात गेलो, त्या मापात बसेल असा एक कॉपी कार्बोरेटर आणला आणि स्वतःच बसवला. काकांकडे इतकी वर्षं बसून बघत होतो, म्हटलं त्यात काय एवढं. मशीन चालू झाली, पण स्लोवर धरेना, बंद पडायची. मी स्लोचा स्क्रू आवळत गेलो, आवळत गेलो. धरली. साहजिकच, स्लो आता स्लो राहिला नव्हता. चेन सरकत असणार. मी बघितलंच नाही. वेळ कुठे होता?

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर आहे. एकनाथनं कमरेला दोर बांधला, मशीन हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, "विलासभाऊ, काकांकडनं आली का?"

"हो. थांब, जरा पुसून आणतो," असं काहीतरी बोलून मी मशीन घेऊन वॉचमनच्या केबिनमध्ये गेलो. तिथे देवाचा छोटा फोटो होता, पुढे वाटीत कुंकू. मी बोट बुडवलं आणि मशीनच्या झाकणावर मधोमध टिळा लावला. एकनाथला दाखवला. त्यानं मशीन कपाळाला लावली आणि चढला.

पहिल्या दोन फांद्या व्यवस्थित पडल्या. तिसरीच्या आधी त्यानं रेस सोडली, मशीन उजव्या हातात खाली धरली आणि डावा हात दोर सरकवायला खाली आणला. तो ओरडलासुद्धा नाही. मला वाटलं, काहीतरी पडलं, पान वगैरे. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

हॉस्पिटलात त्याच्या बायकोनं मला एकच विचारलं, "मशीन बरोबर होती ना?" मी म्हणालो, "काकांनीच बघितली होती." खोटं बोलायला मला एक सेकंदही लागला नाही. तिथेच उभे असलेले बाकीचे कटर एकमेकांकडे बघायला लागले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, त्याच्या हातून चूक झाली. मला वेगळं काही बोलावंच लागलं नाही, नुसतं गप्प बसायचं होतं.

गौरी-गणपती गेल्यावर काकांनी मशीन मागवून घेतली. मी घेऊन गेलो. नाही म्हणून सांगतो कोणाला? काकांनी ती ताटात आडवी ठेवली. झाकणावरच्या त्या एकट्या टिळ्याकडे बघितलं. पट्टीवर बघितलं, चेनवर बघितलं. तिथे काहीच नव्हतं. मग झाकण उघडलं. आत नवाकोरा, चकचकीत कॉपी कार्बोरेटर. मी पायाखालची फरशी बघत उभा. मला वाटलं, आता तोंडावर फेकतील. फेकायलाच हवी होती.

काकांनी झाकण परत लावलं. "एकनाथचा हात कसा हाय?"

"बरा आहे. टाके काढले."

"उजवा का डावा?"

"डावा."

त्यांनी मान हलवली, माझी मशीन माझ्याकडे सरकवली आणि दुसरी ओढून घेतली. बस्स. त्यानंतर महिनाभर त्यांनी एका शब्दानं कोणाला काही सांगितलं नाही. गाळ्यासमोरची रांग संपली. लोक मशीन घणसोलीच्या मेकॅनिककडे न्यायला लागले. दहावीतली नातसुद्धा म्हणाली म्हणे, "आजोबा, आता आराम करा." नीलेशनं गाळा मोबाइलच्या दुकानाला द्यायचं पक्कं केलं. "बाबा, उद्या कोणाचा जीव गेला तर?" काका म्हणाले, "खंडेनवमी होऊन जाऊं दे. मंग लाव कुलूप."

मी हे सगळं ऐकत होतो, बघत होतो, रोज रात्री ठरवत होतो आणि रोज सकाळी टाळत होतो. भित्रा माणूस कारणं फार चांगली शोधतो. मी एकनाथच्या घरी दर आठवड्याला जायचो, औषधं न्यायचो, आणि स्वतःला सांगायचो की हेच प्रायश्चित्त आहे. कसलं डोंबलाचं प्रायश्चित्त! एक म्हातारा माझ्या जागी शिक्षा भोगत होता.

खंडेनवमीला काकांच्या गाळ्यात दरवर्षी जत्रा असायची. पूजेला म्हणून सगळे कटर आपापल्या मशीनी आणायचे, वीस-पंचवीस मशीनी झेंडूच्या माळा घालून रांगेत बसायच्या. त्या वर्षी तीन होत्या. त्यातली एक काकांची स्वतःची. काका धुतलेल्या सदऱ्यात पाटावर बसले होते, करंडा समोर. नीलेश दारात उभा, हातात नवं कुलूप. तसाच हातात ठेवून आला होता, की मुद्दाम दाखवत होता, ठाऊक नाही.

तेवढ्यात एकनाथ आला. डाव्या हाताला पांढरी पट्टी. तो काकांसमोर खाली बसला आणि त्यानं मोठ्यानं, एकेक शब्द तोडून विचारलं, "काका, रागानं नाही विचारत. खरं सांगा. त्या दिवशी शंभर मोजले होते का?"

काकांनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. नजर खाली करंड्यावर नेली. ते एवढं एक 'नाय' म्हणाले असते तरी सुटले असते.

"मोजलेच नाहीत," मी म्हणालो. आवाज जेमतेम ओठांबाहेर आला.

काकांनी कानामागे हात धरला. "काय बोलतंस?"

हळू आवाजात कबुली द्यायची सोयच नव्हती. मी ओरडलो, "मोजलेच नाहीत! मशीन काकांकडे आलीच नव्हती! कार्बोरेटर मी बसवला, कुंकू मी लावलं!"

समोरचा वाणी दुकानाबाहेर आला. वरच्या गॅलरीत भाडेकरू वाकून बघायला लागले. नीलेशच्या हातातलं कुलूप खाली पडलं. एकनाथ सावकाश उठला. मी मार खायची तयारी केली होती, मनापासून. त्यानं मारलं नाही. म्हणाला, "मी कुंकू बघून नव्हतो चढलो, विलासभाऊ. काकांचं आहे म्हणून चढलो होतो." आणि बाहेर पडला. माझ्याकडे तो पुन्हा कधी कामाला आला नाही. बरोबरच केलं त्यानं.

गाळा रिकामा झाल्यावर मी काकांसमोर बसलो. रडत होतो, लपवत नाही. "तुम्ही बोलला का नाहीत? पहिल्याच दिवशी कळलं होतं तुम्हाला."

काकांनी एक झेंडू उचलून माझ्या हातात दिला, तोंड पुसायला रुमाल द्यावा तसा. "मशीन तापली का आपली आपन बोलतं," ते म्हणाले. "मानसाला जास्त येल लागतो. मी मोजीत व्हतो."

गाळ्याला कुलूप लागलं नाही. मोबाइलवाल्याला नीलेशनंच नाही म्हणून सांगितलं. मशीनी परत यायला लागल्या. दिवाळीनंतर कोणीतरी सांगितलं की एकनाथ काकांच्या गाळ्यात बसतो. झाडावर आता तो चढू शकत नव्हता, पण आयुष्यभर मशीनी चालवल्या होत्या. कुठली मशीन कण्हतेय, कुठली खोटं हसतेय, हे त्याला आवाजावरून कळायचं. काकांना ऐकू येत नव्हतं. एकनाथ ऐकायचा आणि हातानं खूण करायचा, जास्त, कमी, अजून थोडं. काका स्क्रू फिरवायचे. गावातली पोरं म्हणायची, दोघं मिळून एक मेकॅनिक आहेत.

मी तिकडे जायचं टाळत होतो. शेवटी माघात काकांचाच निरोप आला. मशीन घेऊन ये.

गेलो तेव्हा दुपारचं ऊन गाळ्यात आलं होतं. काका खूप वाळले होते. त्यांनी लाल मशीन उघडली, कॉपी कार्बोरेटर काढून बाजूला टाकला आणि फळीवरून एक पुडी घेतली. कॉपी बसवल्याच्या दिवशी जुना कार्बोरेटर मी मशीनच्या पिशवीत टाकला होता, आणि गणपतीनंतर मशीन दाखवायला नेली तेव्हा तो काकांकडेच राहिला होता. मला आठवतही नव्हतं. काकांनी तो तेव्हाच धुऊन, नवा पडदा घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. त्यांनी तो बसवला. स्क्रूच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर पहिल्या झटक्यात बसला. एकनाथ शेजारी कान देऊन बसला. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरकून बसायला जागा दिली. एवढंच.

मशीन चालू झाली. एकनाथनं हातानं खूण केली, कमी, अजून कमी, बास. काकांनी करंडा उचलला आणि एकनाथसमोर धरला. त्या करंड्याला दुसऱ्याचा हात लागलेला मी कधी बघितला नव्हता. एकनाथनं डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांतलं एक कुंकवात बुडवलं आणि दोन ठिपके दिले. एक चेनवर, एक पट्टीवर. समोरासमोर.

"इलास," काका मला म्हणाले, "तू मोज."

त्यांनी तळहात मशीनवर ठेवला. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. ठिपके जागचे हलत नव्हते. एकनाथचा डावा हात अजून पट्टीजवळच होता, आणि माझी नजर ठिपक्यांवरून घसरून त्या हातावर, जिथे बोटं नव्हती तिथे जात होती. साठच्या पुढे माझे आकडे थांबले. मशीन चालूच होती. मला वाटलं, काकांना काय कळणार, त्यांना ऐकू कुठे येतंय.

पण काका मशीनकडे बघतच नव्हते. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"शंभर नाय झालं," ते म्हणाले. रागावून नाही, पाहुण्याला अजून एक भाकरी वाढताना म्हणावं तसं. "परत एकपासून."

काकांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं, लाल मशीनवर तळहात, नजर माझ्या तोंडावर. मी डोळे पुसले आणि एकपासून सुरुवात केली.